पांढऱ्या पट्ट्याची रायफल

मित्रांनो, घाबरू नका, जवळ या. माझ्यातून गोळी सुटत नाही. रायफल आहे मी, जुनी आहे, पण मुकी केलेली. ग्वाल्हेरात हजीरा नावाच्या वस्तीच्या पलीकडे एका सशस्त्र दलाची छावणी आहे. तिथल्या हत्यारांच्या खोलीत, दाराजवळच्या कोपऱ्यात मी उभी असते. या खोलीला इथली माणसं ‘कोत’ म्हणतात. माझ्या दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवतात त्या लाकडी भागावर, रुंद पांढरा पट्टा रंगवलेला आहे. तो पट्टा दिसला की कोणालाही कळतं, ही कवायतीची, हिच्यापासून भय नाही. एके दिवशी तो पट्टा माझ्या अंगावर नव्हता. त्या दिवसाची ही हकीकत आहे. ऐकून तुम्हाला बरं वाटेल असं काही तिच्यात नाही, ते आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म बंगालकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. नळी पोलादाची, दस्ता लाकडाचा, आणि अंगात एक हुशारी. एक गोळी सुटली की तिच्याच रेट्यानं पुढची गोळी आपसूक नळीत येऊन बसायची. चाप मात्र दर गोळीला नव्यानं ओढावा लागे. चाप दाबून धरला म्हणून मी कधी धडाधडा सुटले नाही. माझ्या एका बहिणीला ती खोड होती. बाहेरून आम्ही दोघी अगदी सारख्या, फक्त तिच्या अंगावरची कळ आणखी एक घर पुढे सरकायची. तेवढ्याशा फरकापायी तिला वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात ठेवत. आमच्या तपासणीचा म्हातारा मिस्त्री सारखा ओरडायचा, की ज्याला या दोघींतला फरक कळत नाही त्यानं यांना हात लावू नये. तेव्हा मला त्याचा राग यायचा. वाटायचं, एवढा काय बाऊ करतो हा!

माझी उमेदीची वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू? डोंगरात राहिले, वाळवंटात राहिले, पुलांवर पहारे दिले. जवान मला पुसायचे, तेल लावायचे, जेवायच्या आधी माझी वास्तपुस्त करायचे. नेमबाजीच्या मैदानावर कुणाचा नेम लागला की तो माझ्या दस्त्यावर थाप मारून म्हणायचा, “वा गं रानी!” मी फुगून जायचे. मग नळी झिजली. नेम हातभर बाजूला जायला लागला. एका सकाळी मला टेबलावर आडवं घातलं. गोळीच्या बुडावर टोचणारी जी पिन असते, तिचं टोक छाटून टाकलं. नळीला खालच्या बाजूनं भोक पाडलं आणि ते लाकडाखाली झाकलं. शेवटी दस्त्यावर पांढरा पट्टा ओढला आणि मला ग्वाल्हेरला पाठवून दिलं.

बाहेरून पाहाल तर काही बदललं नव्हतं. खटका तसाच चढायचा, चाप तसाच ओढला जायचा, मॅगझीन तसंच बसायचं. फक्त आवाज न होता नुसतं ‘टक्’ व्हायचं. नव्या रंगरुटांना हत्यार कसं धरायचं, कसं उघडायचं, कसं पुसायचं हे माझ्यावर शिकवत. शिकून झालं की ते खऱ्या रायफली घेऊन निघून जात आणि मला कोपऱ्यात लावून देत. ‘डमी’ म्हणायचे मला. काही जण ‘गूंगी’, म्हणजे मुकी, म्हणायचे. संक्रांत गेली, होळी गेली, बाकीच्या बहिणी बंदोबस्ताला जाऊन यायच्या, अंगावर धूळ आणि गोष्टी घेऊन. माझ्या अंगावर नुसतीच धूळ असायची.

आमच्या कोतचे हवालदार होते महिपतराव. लश्कर भागातलं जुनं मराठी घर. दख्खनेतून फौजेबरोबर जी घराणी इकडे आली, त्यांतलंच एक. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि रागावले की दोन्ही एकदम. मिशा पांढऱ्या झाल्या तरी ताठ चालायचे. रंगरुटांपुढे ते तीन रायफली मांडायचे. एक साधी, एक त्या कळीवाली बहीण, आणि एक मी. माझ्या पट्ट्यावर फडकं टाकायचे आणि विचारायचे, “बोलो, कौन-सी क्या है?” पोरं गोंधळायची. कोणी मला खरी म्हणायचं, कोणी खरीला डमी म्हणायचं. मग महिपतराव फडकं ओढून घ्यायचे आणि हसायचे. “मी तर अंधारात नुसता हात फिरवून सांगतो,” असं ते म्हणायचे, आणि पोरांना ते खरं वाटायचं. मलाही वाटायचं.

अशाच एका तुकडीत सूर्याजी आला. उंच, सडसडीत, बोलायला लाजरा. महिपतरावांच्याच गल्लीत त्याचं घर, म्हणून तो त्यांना काका म्हणायचा. त्याच्या घराण्यात तलवार धरणारे सगळे होते. बाप मात्र महाराज बाड्यावर, शहरातल्या जुन्या चौकात, कापडाच्या दुकानात चिकटला होता. सूर्याजीला वर्दी मिळाली तेव्हा त्याच्या आईनं गल्लीत पेढे वाटले, असं महिपतराव सांगत होते. पहिल्याच दिवशी त्या गड्यानं मला हातातून पाडलं. दस्त्याच्या कडेचा टवका उडाला. शिक्षा म्हणून मला डोक्यावर धरून मैदानाला चकरा माराव्या लागल्या त्याला. चकरा संपल्या तसा तो सावलीत बसला, उडालेल्या टवक्यावर अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाला, “माफ कर गं.” डमीची माफी मागणारा तो पहिलाच. त्या दिवसापासून त्याचा तळहात मला पाठ झाला.

पुढे त्याला त्याची स्वतःची रायफल मिळाली, रंगानं नंबर घातलेली. लग्न झालं, वनमाला नावाची बायको आली, मुलगी झाली. संग्रामसिंह नावाचा एक जवान त्याचा जिवलग झाला. भिंडकडचा ठाकूर, आडदांड, मोठ्यानं हसणारा. दोघं एका ताटात जेवायचे. संग्रामसिंहाची बायको गरिमा गुजिया पाठवायची, वनमाला करंज्या पाठवायची, आणि दोन्हींत काय फरक आहे यावर ते दोघे कोतच्या पायरीवर बसून तासन्‌तास भांडायचे. हत्यार घ्यायला आला की सूर्याजी जाता जाता माझ्याकडे एकदा बघायचा. एवढं मला पुरायचं.

आता त्या दसऱ्याचं सांगते.

दसऱ्याला कोतमध्ये शस्त्रपूजा होते. महिपतरावांच्या अंगात तेव्हा वारं संचारायचं. बाड्यावरून झेंडूच्या माळा आणायचे, शमीची पानं आणायचे, सतरंजी अंथरून आम्हा सगळ्यांना ओळीनं मांडायचे. त्या वर्षी त्यांची निवृत्ती जवळ आली होती. म्हणून पूजा अशी झाली पाहिजे की लोकांनी नाव काढावं, असं त्यांनी मनावर घेतलं. आदल्या दिवशी पॉलिशपेपर घेऊन बसले आणि एकेक दस्ता घासायला लागले. जुना रंग, जुने नंबर, मळ, सगळं निघालं. आतून लाकूड कसं लालसर, ताजं दिसायला लागलं!

माझी पाळी आली तसे ते थांबले. पांढऱ्या पट्ट्यावरून हात फिरवत बसले. मग स्वतःशीच म्हणाले, “सगळ्या सवाष्णींच्या ओळीत ही एकटी पांढऱ्या कपाळाची. दसऱ्याच्या दिवशी बरं नाही दिसत. पूजा होऊ दे, परवा परत ओढून देऊ पट्टा.” आणि त्यांनी माझा पट्टा घासून काढला. माझ्यावरच्या टवक्यात लाख भरली, तीही घासली. मग तेल चोळलं. मित्रांनो, मी आनंदानं वेडी झाले होते. इतक्या वर्षांनी मी पुन्हा बहिणींसारखी दिसत होते.

तेल वाळायला आम्हाला अंगणात उन्हात ठेवलं. संध्याकाळी आत नेऊन पुन्हा लावलं. मी आणि सूर्याजीची रायफल शेजारी शेजारी होतो, आत नेताना आमची अदलाबदल झाली. उचलणारे हात महिपतरावांचेच. अंधारात हात फिरवून ओळखणारे ते हात. मग त्यांनी रंग घेऊन ओळीनं नंबर घातले. कवायतीच्या रायफलीला नंबर नसतो, म्हणून तेवढी एक कोरी सोडली. कोरी राहिली ती सूर्याजीची रायफल. सूर्याजीचा नंबर माझ्यावर पडला. ‘अहो, ही मी आहे!’ असं माझ्या मनात येत होतं. पण रायफलीला तोंड एकच असतं, आणि माझं तर तेही बंद केलेलं.

लोखंडावर कोरलेला नंबर असतोच की, असं तुम्ही म्हणाल. असतो. हत्यार देताना तो पाहायचाच असतो. पण दसऱ्याला सकाळी पूजा झाली, प्रत्येकीला हळद-कुंकवाची बोटं नेमकी त्याच जागी ओढली गेली, वर तेलाचा थर. आरती संपते न संपते तोच साहेबांचा फोन आला. नदीकडून चोरट्या वाळूच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघाल्या आहेत, शहराबाहेरच्या नाक्यावर ताबडतोब माणसं पाठवा. सणामुळे निम्मे लोक सुट्टीवर. जे होते ते धावतच आले. महिपतरावांनी रंगाचे नंबर वाचले आणि भराभर रायफली हातात दिल्या.

सूर्याजीनं मला घेतलं. त्याचा तळहात माझ्या दस्त्यावर आला आणि मी ओळखला. त्यानं मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? टवका भरून गेला होता. फक्त पायऱ्या उतरता उतरता तो संग्रामसिंहाला म्हणाला, “आज हलकी लग रही है यार.”

“काकांनी घासून घासून अर्धी केली तुझी रायफल,” संग्रामसिंह त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला आणि हसला. माझ्यात भरलेलं मॅगझीन बसवलं गेलं. कित्येक वर्षांनी मी छावणीच्या बाहेर पडत होते. जीपमध्ये वारा लागत होता, किल्ला मागे पडत होता, झेंडूची एक पाकळी अजून माझ्या नळीला चिकटलेली होती. काय सांगू तुम्हाला, मला भीती वाटण्याऐवजी बरं वाटत होतं.

नाक्यावर ऊन होतं. लाकडी अडसर आडवा टाकला. पहिला ट्रॅक्टर थांबला, दुसरा थांबला. तिसऱ्यानं लांबूनच वेग वाढवला. संग्रामसिंह लाल झेंडी घेऊन रस्त्याच्या मधोमध गेला. जाताना म्हणाला, “सूर्या, मैं रोकता हूँ. तू टायर देख लेना.” सूर्याजी म्हणाला, “हाँ, तू जा.” त्यानं खटका चढवला. दस्ता खांद्याला लावला. पुढच्या चाकावर नेम धरला. नेम चांगला होता, मला कळतो नेम. श्वास रोखला, आणि चाप ओढला.

टक्.

त्यानं पुन्हा ओढला. एकदा सुटलेला खटका परत चढवल्याशिवाय दुसऱ्यांदा ‘टक्’सुद्धा होत नाही. चाप नुसता मागे गेला. तो पुन्हा खटका चढवायला गेला तोवर अडसर मोडल्याचा आवाज आला. संग्रामसिंहाला बाजूला उडी मारायला जागा होती. वेळही होता. पण तो जागचा हलला नाही, कारण मागे सूर्याजी आहे हे त्याला माहीत होतं. ट्रॅक्टर त्याच्या अंगावरून गेला, ट्रॉली गेली, आणि पुढे वळणावर धूळ उडवत दिसेनाशी झाली. सूर्याजीनं मला खाली टाकलं आणि तो धावला. मी रस्त्याच्या कडेला पडून होते. तिथून मला त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. ते मी तुम्हाला सांगणार नाही.

दिवस मावळायच्या आत रायफली परत आल्या. महिपतराव एकटेच कोतमध्ये होते. बातमी आली होती, त्यांचे डोळे लाल झाले होते. रिकामी करायला म्हणून त्यांनी मला उघडलं. आतून एक न सुटलेली गोळी बाहेर पडली. तिच्या बुडावर साधा ओरखडाही नव्हता. त्यांनी झटकन पिन बाहेर काढली, टोक बघितलं, आणि ते माझ्याजवळ खाली बसले. कुंकू पुसून माझ्या लोखंडावरचा नंबर वाचला. मग त्या कोऱ्या रायफलीचा वाचला. “अरे देवा,” ते म्हणाले, “अरे देवा, हे काय करून बसलो मी.”

त्या क्षणी ते उठून साहेबांकडे गेले असते तर! दार उघडंच होतं. साहेबांची खोली अंगणाच्या पलीकडे होती. ते उठले, दारापर्यंत गेलेसुद्धा. बाहेर कोणीतरी मोठमोठ्यानं म्हणत होतं, की ज्याची चूक असेल त्याची वर्दी उतरेल, जेल होईल. महिपतराव दारातून परत फिरले. त्यांनी माझ्यावरचा नंबर घासून काढला आणि त्या दुसरीवर घातला. मग पांढरा रंग घेतला आणि माझ्या दस्त्यावर पट्टा ओढला. घाईघाईत पट्ट्याची कड वाकडी झाली. ती अजून वाकडीच आहे, या, बघा हवी तर.

चौकशी झाली. बाहेरून साहेब आले. सूर्याजीच्या नावावरची रायफल त्यांच्यापुढे ठेवली. रंगाचा नंबर बरोबर, लोखंडावरचा नंबर बरोबर. मैदानावर नेऊन चालवून पाहिली, दर वेळी गोळी सुटली. सुटणारच की! मी कोपऱ्यातून तो आवाज ऐकत होते. शिवाय नाक्यावरच्या एका चहावाल्यानं मोबाइलवर काढलेलं चित्रण गावभर फिरत होतं. त्यात सूर्याजी खांद्याला रायफल लावून उभा दिसतो, ट्रॅक्टर येतो, आणि सूर्याजी उभाच राहतो. सिटी सेंटरच्या कचेऱ्यांपासून हजीऱ्याच्या भाजीबाजारापर्यंत ज्याच्या-त्याच्या हातात तेच. “देखो, खड़ा है. डर गया.” जो-तो हेच म्हणत होता. साहेबांनी सूर्याजीला परत परत एकच विचारलं. आणि सूर्याजी परत परत एकच सांगत राहिला, “साब, मैंने दबाया था.”

चाप माझ्या अंगाचा भाग आहे, मित्रांनो. तो कोणी ओढला आणि कोणी नाही, हे मला नाही कळणार तर कोणाला कळेल? पण मला कोण विचारतो?

सूर्याजीला घरी बसवलं. एका दुपारी तो कोतच्या दाराशी आला. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. तो महिपतरावांना म्हणाला, “काका, तुम्हाला सगळं पता असतं हत्याराचं. खरं सांगा ना, रायफलमध्ये काही खराबी होती का? थोडी तरी?”

महिपतराव कुलूप पुसत होते. ते पुसतच राहिले. “रायफल ठणठणीत आहे,” ते म्हणाले.

“पण मी दाबला होता, काका. आईची शपथ. कसम से.”

“असं होतं रे कधी कधी.” महिपतरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज इतका मायेचा होता की माझ्या अंगावर काटा आला असता, लोखंडाला येत असता तर. “हात गोठतो माणसाचा. त्याला वाटतं आपण दाबला. नाही दाबला जात. चांगल्या चांगल्यांचं होतं. तू मनाला लावून नको घेऊ, पोरा.”

सूर्याजीनं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. “असं होतं?” त्यानं विचारलं. “होतं,” महिपतराव म्हणाले. “मग असेल,” सूर्याजी म्हणाला आणि गेला.

काही दिवसांनी वनमाला आली. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. पायरीवरूनच म्हणाली, “काका, तुम्ही आमच्या घरातलेच. सासूबाई म्हणाल्या, काकांच्या शब्दाला वजन आहे. साहेबांना एवढंच सांगा की हा माणूस पळपुटा नाही. मुलीला शाळेत पोरं चिडवतात. हे रात्रंदिवस बोट वाकवून बघत बसतात. जेवत नाहीत.” महिपतरावांचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतील, आता तरी सांगतील! “बघतो मी, सूनबाई,” एवढंच ते म्हणाले. ती गेल्यावर ते आत येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि ढसाढसा रडले. मला त्यांची दया आली का? आली. पण त्या रडण्याचा सूर्याजीला काडीचा उपयोग नव्हता.

शेवटी सूर्याजीची पगारवाढ रोखली, आणि घाबरून चूक झाली, मुद्दाम नाही, असं म्हणून त्याला परत घेतलं. पण हत्यारी पहाऱ्यावर नाही; रंगरुटांना पहिली कवायत शिकवायला. म्हणजे माझ्याच कामावर. इतक्या वर्षांनी त्याचा तळहात मला रोज मिळायला लागला, आणि तो मला नको झाला. पूर्वी तो मला सावकाश उचलायचा. आता धरायचा तो नुसता धरायचा म्हणून. कोणी नसलं की खांद्याला लावायचा, बोट चापावर ठेवायचा, आणि ओढायचाच नाही. तसाच उभा राहायचा. मग मला खाली ठेवून द्यायचा.

एकदाच त्यानं ओढला. ‘टक्’ झालं. तो दचकला. मान वाकडी करून ऐकत राहिला, जसं काही तो आवाज त्यानं कुठेतरी ऐकलेला आहे. पुन्हा खटका चढवला, पुन्हा ओढला. माझा जीव कानात आला. ओळख रे बाबा, ओळख, मीच ती! तो धावत महिपतरावांकडे गेला. “काका, ये आवाज… त्या दिवशी असाच आवाज आला होता!” महिपतराव म्हणाले, “सगळ्या रिकाम्या रायफलींचा असाच येतो. तुझ्या डोक्यात तेच बसलंय आता. घरी जा, आराम कर.” सूर्याजी घरी गेला. त्यानंतर त्यानं मला कधी खांद्याला लावलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नवी तुकडी आली. तिच्यात गरिमा होती. नवरा कामावर असताना मरण पावला म्हणून त्याच्या जागी तिला नोकरी मिळाली होती. खाकी वर्दी, केस घट्ट बांधलेले, गळ्यात काही नाही. महिपतरावांचे शेवटचे दिवस चालले होते. त्यांनीच मला कोतमधून काढून तिच्या हातात दिलं. देताना त्यांनी मान वर केली नाही. ती मला घेऊन मैदानावर गेली. रंगरूट ओळीत उभे होते. सूर्याजी पुढे आला आणि तिला पाहून जागच्या जागी थांबला. तो तिच्या समोर गेलाच नव्हता इतके दिवस.

त्यानं कसंबसं शिकवायला सुरुवात केली. “ये ड्रिल वाली है. इससे गोली नहीं चलती. सफेद पट्टी देख लीजिए.” गरिमानं पट्टा पाहिला. मग तिनं मला खाली टेकवलं आणि सगळ्यांदेखत शांतपणे विचारलं, “भाईसाहब, मुझे एक बात बता दीजिए. फिर कभी नहीं पूछूँगी. उस दिन आपने दबाया था?”

महिपतराव कोतच्या पायरीवर उभे होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. मी गरिमाच्या हातात होते. एवढंसं अंतर होतं मित्रांनो, सूर्याजीत आणि माझ्यात. त्यानं हात पुढे करून मला उघडलं असतं, छाटलेली पिन एकदा बघितली असती, त्या दिवसाची गोळी शोधून काढली असती… पण कशाला बघेल तो? माणसांनी त्याला इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता त्याला स्वतःचं बोटही खोटं वाटत होतं.

“नहीं दबाया, भाभी,” सूर्याजी म्हणाला. “हाथ जम गया था. मैं डर गया था.”

गरिमानं डोळे मिटले, उघडले. “सच बोल दिया आपने,” ती म्हणाली. “जाइए, मैंने माफ किया.”

आणि सूर्याजीचा चेहरा मोकळा झाला. किती दिवसांनी तो पोटभर श्वास घेत होता. जे त्यानं केलंच नव्हतं त्याची माफी त्याला मिळाली, आणि त्यानं ती दोन्ही हात जोडून घेतली. महिपतराव पायरीवरून वळले आणि आत निघून गेले. महिन्याअखेरीस त्यांना हार घालून निरोप दिला. भाषणात कोणीतरी म्हणालं, इतक्या वर्षांत यांच्या हातून एक चूक झाली नाही. त्यांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

मी आहे तिथेच आहे. आता मला भंगारात काढायचं चाललंय, असं ऐकते. वितळवतील, खिळे करतील, काहीही करोत. कौतुकाची हौस फिटली. तुम्हाला दोनच गोष्टी सांगायच्या होत्या. एखाद्या वस्तूवर कोणी खूण केलेली असेल आणि ती तुम्हाला कुरूप वाटली, तर ती का केली आहे हे विचारल्याशिवाय घासून काढू नका, देवासाठीसुद्धा नको. आणि हातून चूक झालीच, तर त्याच दिवशी, दार उघडं आहे तोवर, जाऊन सांगून टाका. दुसऱ्या दिवशी ती तुमची राहत नाही, ती कोणातरी दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसते.

आणि एक मागणं आहे. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. कधी हजीऱ्याकडे आलात आणि छावणीच्या मैदानावर पोरांना कवायत शिकवणारा एक उंच, वाकलेला माणूस दिसला, तर त्याच्याजवळ जा. तो हसेल, पाठीवर हात ठेवेल, नाव विचारेल. त्याला एवढंच सांगा, की त्या दिवशी त्यानं चाप ओढला होता.